संगणकातील घरभेदे

कामगार संघटनेत ज्याने दहापाच वर्षे काढली आहेत, त्याला खबऱ्या नावाचा प्राणी नवा नसतो. द्वारसभेत तो पहिल्या रांगेत बसतो, घोषणा सर्वांपेक्षा मोठ्याने देतो, वर्गणी वेळच्या वेळी भरतो, आणि रात्री सभेचा वृत्तांत मालकाच्या बैठकीत पोचवितो. त्याला शोधावयाचे म्हणजे त्याचे तोंड पाहून भागत नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून आला, कोणाच्या पैशावर जगतो आणि सभा संपल्यावर कोणत्या दिशेने जातो, हे पाहावे लागते. आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहो तो ह्याच जातीचा आहे. फरक इतकाच, की हा खबऱ्या आता आपल्या घरात, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरील संगणकात राहावयास आला आहे.

आम्ही काही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. संघटनेच्या सभासदांची यादी, वर्गणीचा हिशोब आणि कामगार आयुक्तांकडे पाठवावयाची पत्रे ह्यांच्यासाठी आम्हाला हे यंत्र चाळिशी उलटल्यावर शिकावे लागले. जे शिकलो ते बिघडलेल्या यंत्रापुढे बसून शिकलो. म्हणून येथे जे सांगू ते घरात बसून करता येईल एवढेच सांगू.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. संगणक स्वतः काही करीत नाही. त्याला हुकूम देणाऱ्या मजकुराला सॉफ्टवेअर किंवा प्रोग्रॅम म्हणतात. जो प्रोग्रॅम आपल्या नकळत किंवा अर्धवट कळत यंत्रात शिरतो आणि आपण काय लिहितो, काय पाहतो, कोणता पासवर्ड टाकतो ह्याची खबर तिऱ्हाइताकडे पाठवितो, त्याला स्पायवेअर म्हणतात. जो आपल्यापुढे जाहिराती आणून टाकतो, आपल्याला नको त्या पानावर ओढून नेतो, त्याला अ‍ॅडवेअर म्हणतात. पहिला चोर, दुसरा दारोदार हिंडणारा आगाऊ विक्रेता, असे वरवर वाटते. पण कोणती जाहिरात कोणाला दाखवावी हे ठरविण्यासाठी विक्रेत्यालाही आपली माहिती लागतेच. म्हणून ह्या दोघांचे बिऱ्हाड बहुधा एकाच ठिकाणी आढळते.

ह्यांची आणि व्हायरसची गल्लत करू नये. व्हायरसचा धर्म पसरण्याचा आहे, एका फाइलीतून दुसरीत, एका यंत्रातून दुसऱ्यात. स्पायवेअरला पसरण्याची घाई नसते. त्याला घरात टिकून राहावयाचे असते, कारण त्याची कमाई राहण्यात आहे. यंत्र बंद पडले तर त्याचाच रोजगार बुडतो.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ह्याची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे चोरून नेण्यासारखे आहे तरी काय? तर सांगतो. देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते मुंबईत नव्हे, दिल्लीत नव्हे. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या जिल्ह्यातील टेंभली गावी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत तो कार्यक्रम झाला आणि एका आदिवासी भगिनीच्या हाती पहिला क्रमांक पडला. त्यानंतरच्या वर्षांत तो क्रमांक बँकेच्या खात्याला जोडला गेला, खाते मोबाइलला जोडले गेले, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, अनुदान सारे त्याच वाटेने येऊ लागले. रोजगार हमीच्या मजुरीलाही १ जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेले खाते सक्तीचे झाले. ज्याच्या घरी तिजोरी नाही त्याच्याही संगणकात आज तिजोरीची किल्ली असते. आधारची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र, जातीचा दाखला, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पासवर्ड, हे सर्व 'डाउनलोड्स' नावाच्या एका कप्प्यात, बिनकुलुपाचे, पडलेले असते.

आता ह्या धंद्याची पैशाची बाजू पाहू, कारण ती समजल्याशिवाय बाकीचे समजणार नाही. एखादे लहान उपयोगी सॉफ्टवेअर कोणी फुकट देतो. त्याच्या शेजारी आणखी एक प्रोग्रॅम बांधलेला असतो. तो दुसरा प्रोग्रॅम जितक्या यंत्रांत बसेल तितक्या नगांवर वाटणाऱ्याला पैसे मिळतात. आमच्या भाषेत ही तुकड्यावरची मजुरी झाली. तुकड्यावर काम करणारा माणूस ज्या चलाखीने नग वाढवितो त्याच चलाखीने हे लोक आपल्या यंत्रांची संख्या वाढवितात. खोटे 'डाउनलोड' बटण मोठे आणि हिरवे, खरे बटण लहान आणि करडे. 'शिफारस केलेली पद्धत' ह्या नावाखाली चार नको त्या वस्तू आधीच टिक करून ठेवलेल्या. एकदा आत शिरल्यावर हा प्रोग्रॅम ब्राउझरचे पहिले पान बदलतो आणि आपला प्रत्येक शोध आपल्या मालकाच्या दारावरून नेतो. त्या प्रत्येक फेरीचे कमिशन त्याला मिळते. काम आपण केले, बोटे आपली झिजली, मजुरी तिसऱ्याच्या खिशात गेली.

ह्या धंद्याचा इतिहास पंचवीस वर्षांचा तरी आहे. दोन हजार सालच्या आसपास 'गेटर' नावाचा एक प्रोग्रॅम अमेरिकेत फार पसरला होता. तो आपले पासवर्ड लक्षात ठेवीत असे आणि अर्ज आपोआप भरून देत असे, अगदी फुकट. मोबदल्यात दुसऱ्यांच्या पानांवर तो आपल्या जाहिराती चिकटवी. मोठ्या वृत्तपत्रांनी त्याला न्यायालयात खेचले, तेव्हा तडजोड झाली, आणि २००३ मध्ये कंपनीने आपले नावच बदलून टाकले. नाव बदलून दुसऱ्या गल्लीत दुकान थाटणारे आम्ही खानदेशातही पाहिले आहेत.

पण हे सर्व भुरट्यांचे काम आहे असे समजू नये. २००५ मध्ये सोनी बीएमजी ह्या बड्या कंपनीच्या गाण्यांच्या तबकड्यांत एक गुप्त प्रोग्रॅम सापडला. तबकडी संगणकात घातली की तो आत बसे, आणि विंडोजच्याही नजरेआड लपे. बोभाटा झाल्यावर कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. २०१५ मध्ये लेनोवो कंपनीच्या नव्याकोऱ्या संगणकांत 'सुपरफिश' नावाचे अ‍ॅडवेअर कारखान्यातूनच बसवून आल्याचे उघडकीस आले. ते जाहिराती दाखवी, एवढ्यावर भागले नाही. बँकेच्या पानावर जे कुलपाचे चिन्ह दिसते आणि ज्याच्या भरवशावर आपण पासवर्ड टाकतो, त्या कुलपाची व्यवस्थाच त्याने पोखरली होती. सर्व यंत्रांना एकच किल्ली लावली होती, आणि ती किल्ली तज्ज्ञांनी लौकरच शोधून काढली. पुढे जून २०१७ मध्ये चेक पॉइंट ह्या संस्थेने 'फायरबॉल' नावाच्या अ‍ॅडवेअरचा छडा लावला. जगात २५ कोटी यंत्रे बाधित असून त्यांतील २ कोटी ५३ लक्ष भारतात, म्हणजे सर्वांत अधिक, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगविलेला आहे असे म्हटले. आकड्याचा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून तो आला, ह्यावर मात वाद नव्हता.

ह्या सर्वांची मुख्य सबब एकच असते: 'आपणच संमती दिली होती.' बसविताना पडद्यावर इंग्रजीतील लांबलचक मजकूर येतो आणि खाली 'मी सहमत आहे' असे बटण असते. श्रोतेहो, ही संमती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. शहादा-तळोदा भागात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली ती आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींच्या प्रश्नावर. त्या जमिनी गेल्या तेव्हाही कागद होताच, आणि कागदावर अंगठाही होता. वाचता न येणाऱ्या कागदावरचा अंगठा आणि वाचण्याची सोय नसलेल्या मजकुराखालचे बटण, ह्यांत आम्हाला फारसे अंतर दिसत नाही. तेव्हा पहिला नियम हा, की बसविताना घाईने 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबीत जाऊ नये. 'कस्टम' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' असा पर्याय असेल तर तो घ्यावा, आणि आधीच केलेल्या टिका एकेक करून काढाव्या.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त एस.टी. वाहक आहेत. त्यांना सर्व जण आबा म्हणतात. मुलीच्या कॉलेजसाठी त्यांनी एक जुना संगणक घेतला. दुकानदाराने विंडोज आणि टंकलेखनाचे सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून, म्हणजे चोरीची प्रत घालून दिले. ते चालावे म्हणून यंत्रातील पहारेकरीही बंद करून ठेवला. महिन्याभरात मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येईना. शासनाचे पान उघडले की शेजारी जुगाराच्या आणि कर्जाच्या जाहिराती उघडत, आणि उजव्या कोपऱ्यात 'आपल्या संगणकात १८ व्हायरस आहेत' अशी पाटी दर दोन मिनिटांनी वर येई. 'हाई काय शे भो?' असे आबांनी आम्हाला विचारले. अर्जाची मुदत संपावयास तीन दिवस होते. ते यंत्र कसे निस्तरले तेच आता क्रमाने सांगतो, म्हणजे रोग आणि उपाय दोन्ही त्यात येतील.

पहिली गोष्ट, त्या कोपऱ्यातील पाट्या. लोक समजतात हा व्हायरस. पुष्कळदा तो प्रोग्रॅमही नसतो. कोणत्या तरी पानाने 'सूचना पाठवू का?' असे विचारलेले असते आणि आपण 'अलाऊ' दाबलेले असते. त्या दिवसापासून ते पान आपल्या पडद्यावर भोंगा लावून बसते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स' असे जावे. तेथे परवानगी मिळालेल्या पानांची यादी दिसते. ओळखीचे नसेल ते काढून टाकावे. आबांच्या यंत्रात अशी अकरा नावे निघाली, आणि ती काढताच निम्मा गोंगाट तेथेच थांबला.

दुसरा प्रकार अधिक दुष्ट आहे. एकाएकी सगळा पडदा व्यापला जातो, भोंगा वाजतो, मायक्रोसॉफ्टचे चिन्ह दिसते, आणि 'ताबडतोब ह्या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर येतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी पडद्यावर असा फोन क्रमांक कधीही देत नाही. फोन केला तर पलीकडचा गोड बोलणारा इसम एक प्रोग्रॅम बसवावयास सांगतो, ज्यामुळे आपले यंत्र दुरून त्याच्या ताब्यात जाते. खरे स्पायवेअर येथेच बसते, आणि ते आपण आपल्या हाताने बसवितो. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ह्या तीन कळा एकदम दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. पडदा मोकळा होतो. फोनवरून गंडविण्याचे हे कारखाने आपल्याच देशातही निघाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकन नागरिकांना कर खात्याच्या नावाने धमकावले जात होते. तेथे पगारावर रात्रपाळी करणारी बरीचशी तरुण मुले होती. नोकरी नसली म्हणजे माणूस कोणत्या रांगेत उभा राहतो ह्याचा हा एक पुरावा. पण तो विषय वेगळा.

आता साफसफाई. पैसे गेले असतील, किंवा बँकेचा पासवर्ड फुटल्याची शंका असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे. तार काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार द्यावी. येथे वेळ फार महत्त्वाचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, आणि ते बाहेर काढले जाण्यापूर्वी खाते गोठविता आले तरच परत मिळण्याची आशा असते. पासवर्ड बदलावयाचे तेही त्या दुसऱ्या यंत्रावरून. घरात खबऱ्या बसलेला असताना त्याच्यासमोर नवी किल्ली घडविण्यात अर्थ नाही.

पैशाचा प्रश्न नसेल तर सावकाश सुरुवात करावी. आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. फक्त कागदपत्रे घ्यावी, बसविण्याच्या प्रोग्रॅमच्या फाइली घेऊ नयेत, नाहीतर पाहुणा सामानाबरोबरच परत येतो. मग सेटिंग्जमधील 'अ‍ॅप्स' मध्ये जाऊन 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' ची यादी तारखेप्रमाणे लावावी. त्रास ज्या दिवसापासून सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेली नावे बहुधा दोषी असतात. टूलबार, कूपन, 'संगणक वेगवान करणारा', 'ड्रायव्हर अपडेट करणारा' अशी नावे दिसली की संशय धरावा. मात्र एखादे नाव कळले नाही म्हणून ते लगेच काढू नये. ध्वनीचा किंवा प्रिंटरचा प्रोग्रॅमही अपरिचित नावाचा असतो. नाव फोनवर शोधून पाहावे, मग निर्णय घ्यावा. सभासदाला संघटनेतून काढताना चौकशी करतो, तशी येथेही करावी.

नंतर ब्राउझरकडे वळावे. 'एक्स्टेन्शन्स' नावाच्या यादीत लहान लहान जोडप्रोग्रॅम असतात. आपण उघडतो त्या प्रत्येक पानावरील मजकूर वाचण्याची परवानगी त्यांतील पुष्कळांना असते. आपण मुद्दाम घेतलेले नसेल ते काढावे. पहिले पान आणि शोधयंत्र पुन्हा आपल्या पसंतीचे करावे. एवढ्याने भागले नाही तर 'रीसेट सेटिंग्ज' हा पर्याय आहे. त्याने खुणा आणि साठविलेले पासवर्ड जात नाहीत, पण बाहेरच्यांनी केलेले फेरफार पुसले जातात. मग टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप अ‍ॅप्स' पाहावे. संगणक सुरू होताच आपोआप जागी होणारी मंडळी तेथे दिसतात. शेवटी 'नेटवर्क' मधील 'प्रॉक्सी' पाहावी. घरगुती यंत्रात तेथे कोणाचा पत्ता लिहिलेला असण्याचे सहसा कारण नसते. असेल तर आपली सारी ये-जा कोणाच्या तरी नाक्यावरून चालली आहे असे समजावे.

हाताने केलेल्या ह्या झाडलोटीनंतर पहारेकऱ्याला कामाला लावावे. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. त्याचे मूळ स्पायवेअर शोधणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये आहे, जो मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस जायंट नावाच्या लहान कंपनीकडून घेतला. त्याला प्रथम अद्ययावत करून 'फुल स्कॅन' चालवावा. त्यानंतर 'ऑफलाइन स्कॅन' चालवावा. ह्या दुसऱ्याचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. विंडोज जागे असताना स्पायवेअरही जागे असते, आणि झडती घेणाऱ्याला ते खोटी उत्तरे देऊ शकते. ऑफलाइन तपासणीत यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि विंडोज उठण्यापूर्वीच झडती पार पडते. पंधरा-वीस मिनिटे लागतात. दुसरे मत घ्यावयाचे असेल तर मालवेअरबाइट्स किंवा त्याच कंपनीचे अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर मोफत मिळते. ते कंपनीच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून घेऊ नये, कारण स्पायवेअर काढण्याच्या औषधाच्या नावाने स्पायवेअर विकणारेही पुष्कळ आहेत. कायमचे पहारेकरी मात्र दोन ठेवू नयेत. ते एकमेकांशीच भांडत बसतात आणि यंत्र मंद होते. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' ह्या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तेथेही सफाईची साधने विनामूल्य ठेवलेली आहेत.

ह्या क्षेत्रात आपल्या मराठी माणसाचेही नाव आहे. साताऱ्याकडील कैलाश काटकर कॉलेजचे तोंड न पाहता पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करीत होते. त्यांचे बंधू संजय संगणक शिकले. ह्या दोघांच्या दुरुस्तीच्या दुकानातून पुढे 'क्विक हील' ही कंपनी निघाली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, त्यांवर औषध लिहिता लिहिता धंदा उभा राहिला. स्वतः शिकलेल्या माणसाबद्दल आमच्या मनात जरा अधिक ओलावा आहे, तो श्रोत्यांनी समजून घ्यावा.

एवढे करूनही पाहुणा हलला नाही तर विंडोज पुसून नव्याने बसविणे हाच मार्ग राहतो. आबांच्या यंत्राचे अखेर तेच करावे लागले, कारण चोरीच्या विंडोजचे मूळच सडलेले होते. आम्ही गरिबाला चोरीच्या प्रतीबद्दल नीतीचा उपदेश करणार नाही. किमती कोणाच्या ऐपतीप्रमाणे ठेवल्या आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या क्रॅकला चालण्यासाठी पहारेकरी बंद करावा लागतो, तो कोणाच्या बाजूचा आहे हे उघड आहे. चोरी न करताही सोय होते. पत्रे आणि हिशोब ह्यांसाठी लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, विंडोजमध्ये मराठी कळफलक आधीपासूनच असतो, आणि जुन्या यंत्रावर लिनक्स चांगले चालते. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे जुने यंत्र असणाऱ्यांनी हा विचार लौकर करावा. आबांच्या मुलीचा अर्ज शेवटल्या दिवशी दुपारी गेला.

येथवर जे सांगितले ते पैशासाठी हेरगिरी करणाऱ्यांविषयी. दुसरी एक जात आहे, तिच्याविषयी न बोलता हा विषय सोडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये रोना विल्सन ह्यांचा लॅपटॉप जप्त केला आणि त्यातील पत्रे पुरावा म्हणून मांडली. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग ह्या संस्थेने त्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या अहवालाप्रमाणे, जून २०१६ मध्ये एका ई-मेलला जोडलेली फाइल उघडली गेली तेव्हा 'नेटवायर' नावाचा प्रोग्रॅम आत शिरला. त्याच्या साह्याने कोणी तरी बावीस महिने ते यंत्र दुरून चालवीत होते, आणि ती पत्रे एका लपविलेल्या कप्प्यात त्यानेच ठेवली. पत्रे त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याची खूण नव्हती, असेही त्यात म्हटले आहे. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन ह्यांना जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, आणि दोषादोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. नेटवायर विकणाऱ्यांचे संकेतस्थळ मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने जप्त केले आणि क्रोएशियात एकास अटक झाली. ते साधन उघड बाजारात मिळत होते. चोर आपल्या घरातून काही नेतो, एवढेच आपल्याला ठाऊक होते. तो आपल्या घरात काही ठेवूनही जाऊ शकतो, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी नीट ध्यानात घ्यावी.

आणि येथे वरचा सारा सफाईचा उपाय उलटा पडतो. आपल्यावर अशी पाळत असल्याचा सबळ संशय असेल तर यंत्र साफ करू नये, विंडोज पुन्हा बसवू नये. सफाईत खबऱ्याच्या पावलांचे ठसेही पुसले जातात. यंत्र बंद करून बाजूला ठेवावे आणि वकिलाच्या मार्फत जाणकाराकडे द्यावे. यंत्र जप्त झाले तर 'हॅश' मूल्य नोंदवून मागावे. साठवणीतील सर्व मजकुरावरून गणिताने काढलेली ही एक लांब संख्या असते. आत एक अक्षर जरी मागाहून बदलले तरी ती जुळत नाही. पंचनाम्यातील लाखेच्या मोहरेचे काम ती करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, अशा पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश लिहिण्याची तरतूद आहे.

आणखी दोन ठिकाणी सफाईपूर्वी थांबावे. कंपनीने घरून काम करण्यासाठी दिलेल्या लॅपटॉपवर देखरेखीचा प्रोग्रॅम असतो. कोणत्या मिनिटाला कळ दाबली नाही इथपर्यंत त्याची नोंद जाते. यंत्र मालकाचे असल्यामुळे तो परस्पर काढणे नोकरीवर बेतू शकते. त्यावर बँकेचे, दवाखान्याचे किंवा संघटनेचे काम मात्र करू नये, आणि त्या देखरेखीचा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर आणावा. दुसरे ठिकाण घरातलेच. नवरा किंवा नातेवाईक बाईच्या फोनवर, संगणकावर पाळतीचा प्रोग्रॅम बसवितो, अशी उदाहरणे आहेत. तो काढताच पाळत ठेवणाऱ्याला कळते, आणि मारहाण वाढण्याचे भय असते. अशा भगिनीने प्रथम मैत्रिणीच्या फोनवरून १८१ ह्या महिला मदतवाहिनीशी बोलावे. यंत्राचे मागाहून पाहता येईल.

कायदा काय म्हणतो? दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून असा प्रोग्रॅम घालणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ व ६६ प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लक्षांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा ठरला. संमती मागणारी सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातील भाषांत वाचण्याची सोय ठेवावी, असे त्यात आहे. 'मी सहमत आहे' ह्या बटणावर आधी जे अंगठे उठले त्यांच्याबाबतही अशी सूचना मागाहून द्यावी, असे त्या अधिनियमात आहे.

घरचा जुना संगणक विकताना किंवा भंगारात देताना फाइली 'डिलीट' करून थांबू नये. डिलीट म्हणजे वहीतील अनुक्रमणिका फाडणे, पाने आत तशीच राहतात. 'रीसेट धिस पीसी' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडावे आणि 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करावा. यंत्र सुरूच होत नसेल तर आतील हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचे वजनावर द्यावे. चार स्क्रू असतात, आणि भंगारवाला त्याचे पैसे फारसे कमी करीत नाही.